नदीत न बुडालेली नऊ गाठोडी

उकंडभाऊ गेल्याची बातमी आली तेव्हा मी वाघाच्या जबड्यात होतो. म्हणजे बसलो होतो मंचेरियलला, मेव्हण्याच्या खाणीच्या क्वार्टरसमोर बाजेवर. पण गोष्ट ऐन रंगात आली होती, वाघानं माझं डोकं पुरतं तोंडात घेतलं होतं, आणि मी टेलरच्या सवयीनं खिशातली टेप काढून त्याच्या पडजिभेचं माप घेत होतो. समोर पंधरावीस माणसं जीव मुठीत धरून बसलेली. (पंधरावीस नव्हती. सहा होती, त्यातली दोन पेंगत होती. उकंडभाऊंबद्दल लिहायचं तर आकडे खरे लिहावे लागतील, हे मला पहिल्याच ओळीत ध्यानात आलं.) तेवढ्यात कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवाला स्वतः चालत आला. म्हणाला, "टेलरमामा, तामसीहून फोन होता. उकंडराव सकाळी गेले म्हणून सांगा म्हणाले." मी टेप गुंडाळून खिशात ठेवली. कोणीतरी विचारलं, "मंग? वाघाच्या तोंडातून निघाले कसे तुमी?" मी म्हणालो, "नाही निघालो."

त्याला आता दोन महिने होत आले. आदिलाबादची बस पकडून मी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. त्यांच्या मिरचीच्या वाफ्यातलं पाणी कोणी बंद केलं नव्हतं, ते पाटातून भरून रस्त्यावर आलं होतं, आणि येणारीजाणारी माणसं चपला हातात घेऊन त्यातून चालत होती.

उकंडराव हे नाव वाचून पुण्यामुंबईकडचे वाचक हसतील, तर हसा बापहो. आमच्या पैनगंगेच्या काठाला हे नाव घरटी सापडतं. आधीची पोरं जगत नसली की आई नव्या पोराला उकिरड्यावर लोळवते, तिथून उचलून आणते आणि त्याचं नाव उकंडा ठेवते, म्हणजे यमाला वाटावं हा कचरा कोण नेतो. उकंडभाऊंच्या आधी चार गेली होती. हे पाचवे. मी लोकांना अकरा सांगायचो. ते ऐकायचे, उजव्या हाताचं बोट वर करायचे आणि एवढंच विचारायचे, "किती?" मी म्हणायचो, "सात तरी असतील." बोट वरच. "बरं, पाच." बोट वरच. "चार, चार. झालं?" मग बोट खाली यायचं. तामसीच्या बसथांब्याला माझ्या शिलाई मशीनजवळ ते बोट इतक्या वेळा वर झालं की नवखा माणूस त्यांना बस थांबवणारा समजायचा.

मी शिंपी, आणि शिंप्याचा धंदाच मुळी थापेवर चालतो. परवा देतो म्हटल्याशिवाय कापड हातात पडत नाही. उकंडभाऊंचा धंदा याच्या उलटा, कागदाचा. तसे ते माळवं पिकवणारे. ओढ्याकाठी वांगी, मिरची, अंबाडी. आठवडी बाजाराला दोन टोपल्या. पण लहानपणी, जुन्या राज्यात, आदिलाबादला चार इयत्ता उर्दू शिकले होते. राज्य गेलं, भाषा बदलली आणि गावोगावच्या पेट्यांमधले सगळे कागद एका रात्रीत मुके झाले. पट्टे, पावत्या, दस्ताचे कागद, कोणाच्या आज्याच्या नावाचं वावर... सगळं उर्दूत, आणि वाचणारे होते ते एकेक करून मेले. उरले उकंडभाऊ. बाजारहत्नूरकडून माणसं यायची कापडात गुंडाळलेला कागद छातीशी धरून. ते हात धुवायचे, चष्मा लावायचे, कागद उजवीकडून डावीकडे वाचायचे आणि मग मराठीत, नाहीतर मोडक्यातोडक्या तेलगूत सांगायचे. त्याचं काही घ्यायचे नाहीत. माणूस अगदीच हट्टाला पेटला तर म्हणायचे, "तुमच्याकडचं वांग्याचं बी द्या चिमूटभर." त्यांच्या मळ्यात सतरा गावची वांगी होती. हा आकडा खरा आहे. ते मोजून घ्यायचे, मी नाही.

त्यांच्या स्वतःच्या पेटीत एक कागद होता, तळहाताएवढा, पिवळा पडलेला. त्यांच्या बापाची राहदारी. आताशा लोक राहदारी म्हणजे रस्त्यावरची वर्दळ समजतात. त्या राज्यात राहदारी म्हणजे माल एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायचा परवाना. त्यावर लिहिलं होतं, एक बंडी, दोन बैल, सहा पोती ज्वारी, आणि खाली, सूर्य मावळेपर्यंत. बाप लेव्हीचा वाटा सरकारात भरून, उरलेली स्वतःची ज्वारी स्वतःच्या बहिणीच्या गावी न्यायला निघाला होता. वाटेत बंडीचं चाक मोडलं. ते सांधून नाक्यावर पोचला तोवर दिवस बुडालेला. नाक्यावरच्यांनी कागद पाहिला, पश्चिमेकडे पाहिलं आणि ज्वारी जप्त केली. एवढ्यावरही भागलं नाही. सांधलेल्या चाकाचा भरवसा नाही, म्हणून ती सहा पोती त्याच्याच पाठीवरून सरकारी कोठारात नेली. सहा खेपा. उकंडभाऊ तेव्हा आठ वर्षांचे, बापाच्या मागे रिकाम्या हातानं चालत. मला ही गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली, आणि मी ती कुठंच, कोणालाच, वाढवून सांगितली नाही. तिला वाढवायला जागाच नव्हती.

तेव्हापासून या माणसाला एक खोड लागली. आदिलाबादच्या वाचनालयातून बसनं पुस्तकं आणायचे. इतिहास म्हणू नका, कादंबऱ्या म्हणू नका, पुराणं म्हणू नका. लोक पुस्तकात लढाई शोधतात, कोणी प्रेम शोधतं. उकंडभाऊ नाका शोधायचे. मी म्हणायचो, "भाऊ, हे काय वाचून राह्यले तुमी, कोणत्या राजाचं?" ते म्हणायचे, "राजा कोनताही असू दे. नाका कुठं होता ते पाहून राह्यलो." पुस्तकात नाका सापडला की तिथं ज्वारीच्या वाळल्या पानाचा तुकडा खुणेला ठेवायचे. सापडला नाही, तर लेखकानं काहीतरी लपवलं अशी त्यांची खात्री. वाचनालयाचा माणूस कावायचा, पुस्तकं काय बैलांना घालता काय म्हणायचा. एका यात्रेत तमाशाचा फड आला होता. गौळणी मथुरेच्या बाजाराला निघाल्या आणि देवानं वाट अडवून दाण, म्हणजे जकात, मागितलं, सगळी माणसं हसून लोळत होती, आणि आमचे भाऊ गंभीर. माझ्या कानात म्हणाले, "पाय टेलर, नाका. पन देवाचा नाका बरा होता गड्या. मडकं फोडे, लोनी खाये, सोडून दे. पंचनामा नाही करे."

ऐंशीनंतरची ती वर्षं. नदीच्या अलीकडे आपण, पलीकडे महाराष्ट्र. दोन्हीकडे तीच माणसं, तीच भाकर, त्याच शिव्या. पण पलीकडच्या राज्यात तेव्हा कायदा असा की वावरातला कापूस सरकारी खरेदीलाच घालायचा. दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही, आणि राज्याबाहेर न्यायचा तर नाहीच नाही. अलीकडे कोणालाही विका. त्यामुळे नदी अर्धी पाण्याची आणि अर्धी कायद्याची झाली होती. पाणी उन्हाळ्यात आटायचं, कायद्याला बारमाही पूर. कितीतरी लोक कापूस इकडे आणायचे, तो धंदाच होता. उकंडभाऊ त्यातले नव्हते. वहिनींच्या बापाला मुलगा नव्हता, म्हणून पलीकडचं दोन एकर वावर वहिनींच्या नावावर आलेलं. त्यातला कापूस ते दरसाल निमूट खरेदी केंद्रावर नेत, बंडी रांगेत लावून तीनतीन दिवस तिथंच भाकर खात. सरकारशी भांडायचं तर तोंडानं भांडायचं, पायानं नाही, असा त्यांचा शिरस्ता.

पण सुमनचं लग्न ठरलं. सुमन त्यांची एकुलती एक लेक. आणि वहिनींच्या माहेरची रीत अशी की लेकीच्या गादीत कापूस भरायचा तो आईच्या वावरातला. विकतचा नाही, बापाच्या वावरातलाही नाही. वहिनींची गादी तशी होती, त्यांच्या आईची तशी होती. गादीची खोळ शिवायला माझ्याकडे आली. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं घट्ट कापड. मी तीन बाजू शिवल्या, चौथी कापूस भरायला उघडी ठेवली.

आता पाहा, या माणसानं काय केलं. दुसरा कोणी असता तर मुकाट्यानं एक गाठोडं उचलून आणलं असतं. हे अर्ज घेऊन खरेदी केंद्रावर गेले. माझ्या लेकीच्या गादीकरता माझ्या बायकोच्या वावरातला एक गाठोडं कापूस माझ्या घरी न्यायची परवानगी मिळावी. तिथल्या बाबूनं अर्ज दोनदा वाचला, शेजारच्याला दाखवला आणि दोघं हसले. "काका, असा नमुनाच नाही आमच्याकडे. कापूस घ्यायचा नमुना आहे. न्यायचा नाही."

"राहदारी म्हना तिले," भाऊ म्हणाले.

"काय म्हणू?"

"राहदारी. जुन्या राज्यात भेटे."

"मग जुन्या राज्यात जा," बाबू म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो, त्याला खरंच हसू येत होतं. भाऊ परत आले आणि माझ्या मशीनसमोरच्या बाकावर बसले. म्हणाले, "टेलर, माह्या बापाले सूर्य मावळेपर्यंत तरी होती. माह्यावाला तं उगवलाच नाही." मग उठता उठता म्हणाले, "उद्या दुपारी घेऊन येतो. दिवसाढवळ्या, डोक्यावर. चोर रात्री येते."

ते गेले आणि बसथांब्यावर माणसं जमली. खोळ माझ्या मशीनवर पसरलेली. कोणीतरी विचारलं, "हे कोनाची एवढी मोठी?" आता तुम्हीच सांगा, माझ्यासारख्या माणसानं काय करावं? उकंडभाऊ उद्या एक गाठोडं आणणार आहेत, ही काय गोष्ट झाली? मी म्हणालो, "एवढी? अरे, ही तं नमुन्याची. उद्या उकंडभाऊ दहा गाठोडी घेऊन नदी उतरून राह्यले. दहा! पैनगंगा पांढरी होईन. मासोळ्यांच्या कानात कापूस जाईन, चार दिवस त्यायले आयकू येनार नाही." माणसं पोट धरून हसली. मीही हसलो. बस आली, माणसं बसली, गेली. त्यातलं एक माणूस पलीकडचं होतं. कोण ते मला आजही ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, टळटळीत उन्हात, पलीकडच्या काठावर, पाण्यात पाय घालायच्या आधीच त्यांना धरलं. डोक्यावर एक गाठोडं. मागे वहिनी, हातात भाकरीचं फडकं. नाक्यावरची माणसं सकाळपासून झाडाखाली दबा धरून बसली होती, कारण खबर मोठी होती. एकाच गाठोड्यावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी आजूबाजूची झुडपं झोडपली, नदीत उतरून पायांनी चाचपलं. वहिनींना विचारलं, "बाकीचे कुठं आहेत?" वहिनींना कळेना कोण बाकीचे. शेवटी पंचनामा झाला. भाऊ म्हणाले, "वाचल्याबगर सही करनार नाही." आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद वाचणारा माणूस, त्यानं स्वतःवरचा पहिला कागद वाचला. लिहिलं होतं, मिळालेल्या खबरीप्रमाणे दहा गाठोडी कापसाची चोरटी वाहतूक करताना आढळून आला. पैकी एक गाठोडं जप्त. उर्वरित नऊ गाठोडी आरोपीनं नदीपात्रात टाकून पुरावा नष्ट केला.

मी जन्मभर थापा मारल्या. हत्तीएवढ्या मारल्या. पण माझी एकही थाप संध्याकाळच्या पुढं जगली नाही, कारण तिच्यावर शिक्का नव्हता. ही एकच जगली.

दोन दिवस बसवून ठेवून त्यांना जामिनावर सोडलं. वकिलानं सांगितलं, गुन्हा कबूल करा, दंड किरकोळ आहे, घरी जा, असे शेकडो लोक करतात. भाऊ म्हणाले, "दंड देतो. दुप्पट देतो. त्यातला चोरटी हा शब्द काढा."

वकील समजुतीनं म्हणाला, "अहो, चोरटी वाहतूक म्हणजे तुम्ही चोर असा अर्थ नाही. तो कायद्याचा शब्द आहे. सगळ्यांच्याच कागदावर असतो."

"मंग सगळ्याइच्याच कागदावरून काढा," भाऊ म्हणाले.

झालं. खटला उभा राहिला. सुमनचं लग्न ठरल्या दिवशी झालं, गादीवाचून. मांडवात पोराच्या मामानं सगळ्यांसमोर विचारलं, "काऊन इवाई, नऊ गाठोडी कुठं दडवली? आमच्या सुनेची एखांदी गादी तरी करायची!" मांडव हसला. त्यात वाईट बुद्धी नव्हती, मामा दारू प्यायलेला होता. उकंडभाऊंनी पंगतीत वाढायचं भांडं खाली ठेवलं आणि मांडवामागं गेले. मी मागोमाग गेलो. म्हटलं रडत असतील. रडत नव्हते. चुलीतलं लाकूड पुढं सारत होते. म्हणाले, "तूप वाढायचं राह्यलं, टेलर. तू वाढ."

तारखा पडत गेल्या. पलीकडच्या तालुक्याच्या गावाला जायचं म्हणजे नदीपर्यंत पायी, पावसाळ्यात डोंगा, मग बस. दर तारखेला ते बापाची राहदारी खिशात घेऊन जायचे. एकदा त्यांनी ती न्यायाधीश साहेबांपुढे ठेवलीही. साहेब भला माणूस, त्यानं उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "हे कोणत्या कायद्याखाली आहे?" भाऊ म्हणाले, "साहेब, कायदा मेला. कागद जित्ता हाये." साहेबांनी कागद जपून परत दिला आणि पुढची तारीख दिली. परतीच्या वाटेवर ते म्हणाले, "बापाचा कागद उर्दूत, माह्या वावराचा तेलगूत, खटला मराठीत. किती भाषा शिकू आता?" त्यांचा जप्त केलेला कापूस नाक्याच्या खोलीत मुद्देमाल म्हणून पडून होता. दोन पावसाळ्यांत तो उंदरांनी आणि ओलीनं खाऊन टाकला. पण कागदावरची नऊ गाठोडी जशीच्या तशी होती. त्यांना ना ओल लागली ना उंदीर. आणि खटला अडला होता तो त्यांच्यावरच. एका गाठोड्याचं कोणालाच काही नव्हतं. नऊ कुठं गेली ते सांगा.

चौथ्या वर्षी वकिलाच्या ध्यानात आलं की दहा हा आकडा मुळात आला कुठून ते शोधावं. भाऊंनी मला विचारलं नव्हतं. वकिलानं विचारलं. मी म्हणालो, येतो, सांगतो, छाती ठोकून सांगतो. नवा सदरा शिवला स्वतःला. रस्त्यानं नदी उतरताना, बसमध्ये, भाऊंना तालीम करून दाखवली: साहेब, मी थापाड्या आहे, दहा माझे, गाठोडं एक! भाऊ हसले. खूप दिवसांनी हसले.

कोर्टाच्या व्हरांड्यात समोरच्या बाजूचा वकील माझ्याजवळ आला. मला बिडी दिली. म्हणाला, "टेलर, सरकारला खोटी खबर पोचवणं हाही गुन्हा आहे बरं का. त्याचा वेगळा खटला होतो. तुमचा." एवढंच म्हणाला. मी पुढं लोकांना सांगताना त्या वकिलाला सहा फूट उंची आणि घोरपडीसारखे डोळे दिले. तसा तो नव्हता. बुटका होता, आणि त्याला सर्दी झाली होती.

पिंजऱ्यात उभा राहिलो. शपथ झाली. आमच्या वकिलानं विचारलं, "दहा गाठोड्यांबद्दल बसथांब्यावर तुम्ही काही बोलला होता का?"

समोर बाकावर उकंडभाऊ. मांडीवर टोपी.

"मला आठवत नाही साहेब," मी म्हणालो.

"काहीच आठवत नाही?"

"काहीच."

परतताना नदीवर आलो. उन्हाळा होता, पाणी घोट्याएवढं. त्याच जागी, जिथं त्यांना धरलं होतं तिथं, ते दगडावर बसले, फडकं सोडलं, भाकर मोडली आणि अर्धी मला दिली. वर मिरचीचा ठेचा. मी घास तोंडात घातला तेव्हा म्हणाले, "टेलर, आज तू पयल्यांदा कमी सांगतलं." रागानं नाही. वांग्याचं बी पाहून जात सांगावी तसं. मग ते उठले, हात धुतले आणि आम्ही नदी उतरलो...

त्यानंतर त्यांनी मला कधीच "किती?" विचारलं नाही. येत होते, बाकावर बसत होते, चहा सांगत होते. पण बोट वर झालं नाही. मी मुद्दाम वाढवायला लागलो. एका लग्नात अडीचशे बोकड कापले म्हणालो. आदिलाबादच्या बसच्या टपावर मगर बसून आली म्हणालो. लोक हसायचे, मी चोरून भाऊंकडे पाहायचो. ते चहाची बशी फुंकत असायचे. शेवटची भेट त्यांच्या मळ्यात झाली, मंचेरियलला जायच्या आधी. छातीचा आजार बळावला होता, बाज वाफ्याजवळ टाकून पडले होते, उशाशी वाचनालयाचं पुस्तक आणि त्यात ज्वारीचं पान. मी म्हणालो, "भाऊ, बाजारहत्नूरला एवढं मोठं वांगं आलं या साली, की आतून कोरून त्यात शाळा भरवून राह्यले. चौथीपर्यंत. चारशे पोरं बसतात." आणि त्यांच्या हाताकडे पाहत राहिलो. हात चादरीवर होता. बोटं थोडी हललीही. मग म्हणाले, "असंन बा."

असेल म्हणाले. माझ्या चारशे पोरांना त्यांनी मान्यता दिली. मला त्या दिवशी खटल्याचा निकाल कळला.

कोर्टाचा निकाल नंतर आला. सुमन घेऊन आली, मागच्या आठवड्यात. आता तिचीही पोरगी सातआठ वर्षांची आहे. कागदावर दोन ओळी आहेत: आरोपी मयत असल्यानं प्रकरण निकाली. नऊ गाठोडी, नऊ वर्षं. हा आकडा मी जुळवलेला नाही, सरकारनं जुळवला. चोरटी शब्द आहे तिथंच आहे. त्याला आता कोणी काढणार नाही, कारण काढा म्हणणारा माणूसच मयत असा कागद झाला आहे. सुमन बाकावर बसली, बाप बसायचा त्याच जागी, आणि फळीकडे पाहून म्हणाली, "काका, ते माही खोळ ना?"

खोळ इतकी वर्षं फळीवर घडी करून ठेवलेली. तीन बाजू शिवलेली. मी काढून तिच्या मांडीवर दिली. तिनं आत हात घातला, कोपऱ्यापर्यंत, जणू आत काही असेल. मग म्हणाली, "काका, तिकडे अजून हसतात. माह्या पोरीलेही म्हनतात, तुह्या आज्यानं नदीत कापूस पेरला. मले एकदा खरं सांगा. बाबानं आनली होती तं किती?"

किती? त्याच आवाजात. बोट वर नव्हतं, तेवढाच फरक.

मी सांगितलं. एक म्हणून सांगितलं. दहा कोणाचे तेही सांगितलं, आणि व्हरांड्यातली बिडीही सांगितली. बस आली, थांबली, गेली. मला वाटलं शिव्या देईल. मी तयार होतो, निदान शंभर तरी... नाही, एकही दिली नाही. खोळीची घडी नीट केली, परत माझ्या मशीनवर ठेवली आणि म्हणाली, "तोंडानं नका सांगू काका. तुमच्या तोंडचं कोनी खरं मानत नाही. लिहून द्या. पेपरात द्या, तिकडेही येते तो पेपर. लिहून झालं की मी खोळ न्याले येतो."

म्हणून हे लिहिलं. संपादकांनी स्मृतिलेख मागितला होता. हा पिंजऱ्यात द्यायची राहिलेली जबानी समजा. खोळ पुन्हा फळीवर ठेवली आहे, चौथी बाजू उघडी. कोणी विचारलं, टेलर, एवढी मोठी खोळ, केवढा कापूस मावतो हिच्यात, तर मी हातातलं काम थांबवतो आणि सांगतो. सुमनच्या सासरच्या मंडळींनो, पोराचे मामा, नाक्यावरचे साहेब, तुम्हालाही सांगतो. मी मोजलेलं आहे. वर्षानुवर्षं माझ्याच तोंडातून निघालेली नऊ वजा केली, तर हातात राहतं ते एवढंच.

गाठोडं एक होतं. एक.